पुसायचा दिवस

४ जून

खटपट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे काय लिहायचे.

तुझं पत्र आलं. तीन पानं वाचून झाली तरी मला कळेना की घरात आजारी कोण आहे. चौथ्या पानावर कळलं, आजारी कुणी नाही, शाळेने तुझ्याकडे ‘डिजिटल पोर्टफोलिओ’ मागितलाय. अरे, मग तेच पहिल्या ओळीत लिहायचं ना!

आता हा पोर्टफोलिओ काय असतो ते मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सिनेमात काम मागायला जातात त्या पोरी स्वतःचे फोटो एका फायलीत लावून नेतात, ते. मी म्हटलं माझा भाचा मास्तर आहे, कॉम्प्युटर शिकवतो, टक्कल पडलंय, त्याचे फोटो कोण बघणार? तो हसला. मग म्हणाला, मास्तरांचाही असतो आता. कॉम्प्युटरवरच असतो. आपण काय काय केलं ते सगळं मांडायचं.

म्हणजे दुकानाची पाटी. एवढंच ना? मग चार पानं कशाला काळी केलीस?

‘समिती बघणार आणि मग पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ते ठरवणार,’ असं तू लिहिलंयस. बघू दे की. इतकी वर्षं त्या एका खोलीत पोरांना शिकवतोयस. त्या खोलीत येऊन बघा म्हणावं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं, किल्ली लावून बघतं, कुलूप उघडलं तर परत येतं. मी कधी कुलपं उघडल्याचे फोटो काढले नाहीत.

पण तू घाबरलायस एवढं मला कळलं. नीट लिही. आणि थोडक्यात लिही. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला चार पानं म्हणजे पंगतीत जबरदस्तीने वाढल्यासारखं होतं.

सूनबाईला सांग, तिचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे, पुढचं पत्र तिने लिहिलं तरी चालेल.

आत्या


१२ जून

आत्या,

थोडक्यात लिहितो.

शाळेत कॉम्प्युटर शिकवणारे आम्ही दोघं. मी आणि एक नवी बाई. पुढच्या वर्षी एकच ठेवणार. करार दर वर्षी सप्टेंबरात नवा होतो, हे तुला माहीत आहे. करार गेला की शाळेच्या मागच्या या दोन खोल्याही जातात. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? एवढंच आहे. रडगाणं नाही, हिशेब आहे.

नव्या बाईचा पोर्टफोलिओ तयार आहे. उघडला की तिचा फोटो सरकत येतो, खाली मुलांची कामं, हलणारी चित्रं, प्रत्येक धड्याचा आराखडा. वाईट नाही ती. मनापासून शिकवते. मला म्हणाली, ‘सर, तुमच्याकडे तर माझ्या दहापट असेल.’

माझ्याकडे काहीही नाही. खरंच काही नाही, आत्या.

आमच्या खोलीतले कॉम्प्युटर कुठल्यातरी ऑफिसने टाकून दिलेले, आम्हाला दान आलेले. त्यांच्यात जागाच नसते. पहिल्याच वर्षी मी ठरवलं की वर्ष संपताना सगळं पुसायचं, म्हणजे पुढच्या वर्गाला जागा होईल. मुलं रडायला लागली. मग मी त्याचा एक दिवस केला. ‘पुसायचा दिवस’. प्रत्येकाने आपलं काम शेवटचं एकदा सगळ्यांना दाखवायचं आणि मग आपल्याच हाताने पुसायचं. मी म्हणायचो, जे डोक्यात राहिलं ते तुमचं, जे मशीनमध्ये राहिलं ते मशीनचं. मुलांना तो दिवस इतका आवडायला लागला की ती वर्षभर वाट बघायची. मलाही मोठा अभिमान होता त्याचा.

आता समितीच्या यादीत लिहिलंय: मुलांच्या कामाचे नमुने, मागच्या पाच वर्षांचे. मी वेबसाइट करायला शिकवतो आणि माझी स्वतःची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

एकच गोष्ट उरली आहे, आणि ती तुझ्याकडे आहे. दुकानातला दिवा. तुझे कान गेले त्या वर्षी माझ्या वर्गाने केलेला. पायपुसण्यावर पाय पडला की तुझ्या किल्ल्या कापायच्या मशीनच्या वर तीनदा लुकलुकणारा. ती एकच वस्तू शाळेबाहेर गेली, म्हणून पुसली गेली नाही.

झेरॉक्सवाल्याला सांगून त्याच्या फोनवर एक छोटी फिल्म काढून घेशील का? दारातून कुणीतरी आत येतंय, दिवा लागतोय, तू मशीनवरून मान वळवून बघतेस. बस. अर्धं मिनिट. तो मला पाठवेल.

आणखी एक. त्यात ‘शिकवण्याविषयी माझी भूमिका’ असं एक पान लिहायचं आहे. चार दिवस त्यावर बसलोय.

तुझा,
खटपट्या


१९ जून

खटपट्या,

भूमिका नाटकात असते. तू लिही, ‘मुलांना शिकवतो, ती शिकतात.’ झालं पान.

आता दिव्याचं. फिल्म-बिल्म मला जमत नाही. झेरॉक्सवाला एकदा आला होता फोन घेऊन. म्हणाला, आत्या, माझ्याकडे बघू नका, सहज बघा. सहज कसं बघतात? मी दोनदा बघितलं, तो म्हणाला तुम्ही चोर पकडल्यासारखं बघता. तिसऱ्यांदा म्हणाला केस नीट करा. मी त्याला त्याच्या दुकानात हाकलला.

आणि मला सांग, फोटोतला दिवा कोण खरा मानेल? समितीवाले म्हणतील कुठल्याही दुकानातला आहे. म्हणून मी सरळ काम केलं. दिवा काढला, त्याची ती डबी काढली, वायरी गुंडाळल्या, जुन्या चादरीत बांधून तुला पार्सल केला. या पत्राच्या मागोमाग येईल. ठेव त्यांच्या टेबलावर. म्हणावं, हा घ्या तुमचा नमुना, वाजवून बघा. वाजत नाही, लागतो, पण तुला कळलं.

ज्यावर पाय पडला की दिवा लागतो तो पायपुसण्याखालचा पत्रा मात्र जमिनीला गंजून बसलाय. पेचकस घालून बघितला, हलेना. तो राहिला इथे. दिव्यापुढे त्याचं काय एवढं.

माझी काळजी नको. एवढी वर्षं मी डोळे उघडे ठेवूनच धंदा केला. दिवा नव्हता तेव्हा काय दुकान बंद होतं?

आणि ऐक. त्या नव्या बाईपुढे मान खाली घालू नकोस. तुला लहानपणापासून सवय आहे, दुसऱ्याचं बघितलं की आपलं लपवायचं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. काय येतं ते सगळं मांड त्यात. सगळं! हातचं काही राखू नकोस. आहे ते दाखवल्याशिवाय कुणी घेत नाही.

आत्या


३ जुलै

आत्या,

पार्सल पोचलं.

तुला खोटं कशाला सांगू, दिव्याची डबी फुटली होती आणि आतली सर्किटची छोटी पाटी मधोमध तडकली होती. चादर छान होती पण पार्सलवाल्यांनी बहुतेक तिच्यावर काहीतरी जड ठेवलं. तू रागावू नकोस स्वतःवर. माझ्यासाठीच केलंस.

त्या पाटीत दिव्याने किती वेळा आणि कसं लुकलुकायचं ते लिहिलेलं होतं, वर्गातल्या पोरांनी लिहिलेलं. त्याची नक्कल आमच्या एका कॉम्प्युटरवर होती. ती त्याच वर्षी पुसायच्या दिवशी पुसली. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग मी तो तुटका दिवा उचलून तसाच वर्गात नेला. म्हटलं, ही माझ्या आत्याची कानांची जोडी आहे, मोडली आहे, आता आपण ती परत बनवायची. आत्या, काय वर्ग झाला! आठवडाभर आम्ही तेच करतोय. आणि तुझ्या सूनबाईने, तिला त्या दिवशी सुट्टी होती, मागच्या बाकावर बसून फोनवर सगळं घेतलं. मी बोलतोय, मुलं चुकतायत, परत करतायत, एक मुलगी चिडून टेबलाखाली जाऊन बसली, तेसुद्धा.

ती फिल्म बघून नवी बाई म्हणाली, ‘सर, हाच तुमचा पोर्टफोलिओ. नुसती कामं काय दाखवताय, तुमचं शिकवणंच दाखवा.’ तिनेच मला शाळेच्या खात्यावर जागा काढून दिली. तेव्हापासून मी प्रत्येक धडा फिल्मवर घेतोय. पहिलीपासून शेवटच्या वर्गापर्यंत. आराखडा, फिल्म, मुलं कुठे अडतात, अडली की काय विचारायचं, कुठे गप्प बसायचं. सगळं मांडतोय. तू म्हणालीस ना, हातचं राखू नकोस.

खूप वर्षांनी सकाळी उठून शाळेत जावंसं वाटतंय.

तुझ्या दिव्याला पाटी मिळत नाहीये, ती बनवणं बंद झालं म्हणतात. दुसरी बसवतोय. तोवर तू मशीन दाराकडे तोंड करून का बसवत नाहीस? पाठ दाराकडे असते म्हणून तर दिवा केला होता.

भूमिकेच्या पानावर तुझं वाक्य टाकलं. ‘मुलांना शिकवतो, ती शिकतात.’ त्याखाली काही सुचलं नाही.

खटपट्या


१४ जुलै

खटपट्या,

मशीन जमिनीत बोल्टांनी आवळलेलं आहे आणि उजेड त्याच खिडकीतून येतो. तू मास्तर कॉम्प्युटरचा, माझ्या दुकानात अक्कल चालवू नकोस.

दिवा फुटला ते वाचलं. चादरीत बांधला होता मी. जुनी लिहिलं होतं, पण नवी होती ती. जाऊ दे.

झेरॉक्सवाल्याने तुझा पोर्टफोलिओ मला दाखवला. स्टुलावर बसवून, चहा देऊन, जशी काय मीच समिती. बघितला. फोटोत तू बरा दिसतोस, टक्कल अर्धंच आलंय. मुलं गोड आहेत. टेबलाखाली बसलेली पोर मला आवडली, मीही तशीच होते.

पण एक सांगते. मला ऐकू येत नाही, म्हणून मी तोंडाकडे बघत होते. तू लहान होतास तेव्हा माझ्याशी बोलताना नेहमी समोर येऊन, तोंड दाखवून बोलायचास. कुणी शिकवलं नव्हतं तुला. आणि या फिल्मवर तू अर्धा वेळ पाठमोरा, फळ्याशी बोलतोस. मग मला काय कळणार? तोंड इकडे कर. समितीत कुणी बहिरं असलं तर?

दुकान नेहमीसारखं. कालच एक बाई पाय आपटून गेली म्हणे, मी पंधरा मिनिटं उभी होते आणि ही म्हातारी वळून बघत नाही. जाऊ दे. ज्याला घाई आहे त्याने कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात जावं. तिथे मशीन आपोआप किल्ली कापतं. कुलूप उघडत नाही हा भाग वेगळा.

दिव्याची घाई नाही. तुझं आधी.

आत्या


२२ ऑगस्ट

आत्या,

झालं! सांगितल्याप्रमाणे आज थोडक्यात.

समिती बसली. माझा पोर्टफोलिओ सगळ्यांत वरचा ठरला. आमच्या शाळेतच नाही, संस्थेच्या सगळ्या शाखांत. सभागृहात मोठ्या पडद्यावर लावला. तुझं वाक्य एवढ्या मोठ्या अक्षरात. लोक हसले आणि मग टाळ्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘सर, तुम्ही तर आख्खा विषयच बांधून दिलात. कुणीही हे लावलं तरी वर्ग चालेल.’

मी तोंड इकडे करून बोलायला लागलोय. तू म्हणालीस तेव्हापासूनचे सगळे धडे समोरून आहेत.

एका कागदावर सही घेतली, की हे धडे शाळेच्या संग्रहात राहतील आणि बाकीच्या शाखांनाही वापरता येतील. मी म्हटलं, आनंदाने. वापरायलाच तर केलेत.

नव्या कराराचं दोन-चार दिवसांत कळवतो म्हणाले. सूनबाईने पडदे धुवायला काढलेत. म्हणते, आता इथेच राहायचं तर नीट राहू या.

नव्या बाईचं वाईट वाटतं. तिनेच मला मार्ग दाखवला आणि आता तीच जाणार.

खटपट्या


२९ ऑगस्ट

खटपट्या,

शाबास रे वाघा! तुझा बाप असता तर त्याने गावभर सांगितलं असतं. तो नाही म्हणून मी झेरॉक्सवाल्याला सांगितलं, त्याने गावभर सांगितलं.

माझं वाक्य मोठ्या पडद्यावर गेलं म्हणतोस. चौथी नापास बाईचं. लोक हसले ते बरोबरच हसले.

पण मास्तर, ती सही. वाचून केलीस का? मी आपलं विचारते. तुझा आनंद नासवायचा नाही मला. फक्त ‘कुणीही लावलं तरी वर्ग चालेल,’ हे त्या बाई कौतुकाने म्हणाल्या की हिशेबाने, एवढं बघ. माझ्याकडे माणूस मूळ किल्ली घेऊन येतो, मी नक्कल करून देते. नक्कल नीट लागली की मूळ किल्ली कुठल्या खणात पडली, हे वर्षभर त्याच्या लक्षात येत नाही.

असू दे. माझं डोकं किल्ल्यांचं. करार आला की लगेच कळव.

आत्या


१० ऑक्टोबर

खटपट्या,

‘दोन-चार दिवस’ म्हणाला होतास. माझी मोजणी चौथीपर्यंतची आहे, पण इतकी वाईट नाही.

काय झालंय? सूनबाई आजारी आहे? तू आजारी आहेस? झेरॉक्सवाल्याला तुझा पोर्टफोलिओ उघडायला लावला, म्हटलं निदान तोंड तरी बघते. उघडला नाही. म्हणाला, ‘परवानगी नाही’ असं येतंय. मी म्हटलं माझ्या भाच्याचं तोंड बघायला कुणाची परवानगी?

रागावला असशील तर तसं लिही. दिवा फुटला म्हणून मनात धरलं असशील तर तसंही लिही. काहीही लिही. दुपारची घरी बसलेली असते, पोस्टमन दिसतो खिडकीतून.

आत्या


१४ नोव्हेंबर

आत्या,

मी आजारी नाही. सूनबाईही नाही. तुझ्यावर मी रागावेन का?

करार आला नाही. मला पण नाही आणि नव्या बाईला पण नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी दोघांना एकत्र बोलावलं, पाणी दिलं. म्हणाल्या, ‘सरांनी विषय इतका परिपूर्ण करून ठेवलाय की आता शिक्षकाची जागा राहिली नाही, नुसती देखरेखीची आहे.’ म्हणजे खेळाचे सर येऊन पडदा लावतात आणि हजेरी घेतात. पडद्यावर मी शिकवतो. मला समोर तोंड करायला सांगितलंस ते बरं झालं म्हणे, मुलांना वाटतं मी त्यांच्याशीच बोलतोय.

नवी बाई रडली नाही. खोलीबाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, ‘सर, थोडं कमी चांगलं करायचं होतं.’

पुढचं ऐक आणि मला शिव्या दे. मला त्या हव्याच आहेत.

शेवटच्या दिवशी वर्गात गेलो. शाळेचं वर्ष संपलं नव्हतं, पण माझं संपलं होतं. मुलं म्हणाली, सर, पुसायचा दिवस करा ना, तुम्ही नसाल तर आमचा कोण करणार? मला नाही म्हणवेना. केला. सगळ्यांनी आपापलं दाखवलं आणि पुसलं. शेवटी मुलं म्हणाली, आता सरांचा कॉम्प्युटर. मी हसत हसत बसलो आणि पुसला. त्यात माझ्या सगळ्या फिल्म होत्या, मुळातल्या. सूनबाईचा फोनही आधीच रिकामा केलेला. मनात एवढंच होतं की पोर्टफोलिओवर सगळं आहेच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं खातं माझ्यासाठी बंद झालं. नोकरी संपली की आपोआप होतं ते. पोर्टफोलिओ त्या खात्यावर होता. शाळेकडे सगळं आहे. माझ्याकडे काही नाही. मी बाईंना पत्र लिहिलं, नुसती एक प्रत द्या. उत्तर आलं, संग्रह संस्थेच्या मालकीचा आहे, आपल्या सहीची प्रत सोबत जोडली आहे.

कॉम्प्युटर शिकवणारा माणूस, आत्या. हात दाखवून अवलक्षण तर केलंच, वर तो हातसुद्धा तिथेच ठेवून आलो.

चार शाळांत जाऊन आलो. सगळीकडे पहिला प्रश्न, तुमचा पोर्टफोलिओ आहे का? मी म्हणतो, होता. पुढे ते चहा देतात. एका शाळेत तर पडद्यावर माझाच धडा चालू होता. त्याच संस्थेची शाखा निघाली, मला माहीत नव्हतं. शिपायाने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘साहेब, तुम्ही यांचे भाऊ का?’ मी हो म्हटलं.

खोल्या सोडल्या. सूनबाईच्या भावाकडे मागची एक खोली आहे, तिथे आहोत. पत्ता पाकिटावर लिहिलाय. धुतलेले पडदे अजून घडी करून ठेवलेत, इथे खिडकीच नाही.

एक गोष्ट मात्र केली. तुझा दिवा. नवी पाटी बसवली, तीनदा लुकलुकायचं परत लिहिलं. पायपुसण्याखालचा पत्रा तुझ्याकडेच राहिला, त्यामुळे नीट तपासून बघता आलं नाही. तारा जोडल्या की लागायला हवा. या वेळी लाकडी खोक्यात घालून पाठवतोय. दुकानात लाव. निदान एक वस्तू तरी जिथली तिथे जाऊ दे.

खटपट्या


२७ नोव्हेंबर

खटपट्या,

शिव्या मागितल्यास, त्या समोर आलास की देईन. पत्रात वाया जातात.

आधी माझं ऐक, कारण मीही भांडं लपवलेलं आहे. दुकान मी सप्टेंबरातच सोडलं. गिऱ्हाईक यायचं, माझ्या पाठीकडे बघत उभं राहायचं, निघून जायचं. मला मशीन बंद केल्यावर पायपुसण्यावर चिखल दिसायचा, ताजा. म्हणजे कुणीतरी येऊन गेलं. कोण, ते नाही कळायचं. एक दिवस चिखल पण दिसेना. मग बोल्ट काढले. दिव्यामुळे नाही, तसलं काही मनात आणू नकोस. कान गेले तेव्हाच जायचं होतं ते दुकान, तुझ्या पोरांनी थोडी वर्षं ढकललं.

‘सगळं मांड, हातचं राखू नकोस,’ हे मीच म्हटलं होतं, ते मला पाठ आहे. त्याच्यावर आता काय बोलायचं. सांगणाऱ्याचं तोंड आणि करणाऱ्याची मान, असंच असतं.

पोर्टफोलिओ परत मिळवायचा म्हणून त्यांच्या दारात आता जाऊ नकोस. देणार नाहीत. दिला तरी तुला घेणार कोण, सगळ्यांकडे तू आहेसच. मी उगाच धीर देत नाही, तुला माहीत आहे. मला काही मार्ग दिसत नाही. दिसला तर लिहीन.

दिवा पोचला. खोकं चांगलं होतं, काही फुटलं नाही. दुकान नाही म्हणून घरी लावला, स्वयंपाकघरात, चुलीच्या वर. दुकान सोडताना छिन्नी घालून तो पत्रा उपटून आणला होता, का आणला देव जाणे, रिकाम्या हाताने निघवेना. तो दाराशी ठेवला, वर पायपुसणं टाकलं. झेरॉक्सवाल्याने तारा जोडल्या, बाहेर जाऊन पाय ठेवला. तीनदा लुकलुकला, पहिल्यासारखा. मी मान वळवून बघितलं. तो म्हणाला, आत्या, आता सहज बघितलंत, तेव्हा फोनमध्ये असंच हवं होतं.

तो गेला. मी पीठ मळायला घेतलं. दिवा लागला. हात पुसले, दार उघडलं. कोणी नाही. परत बसले. परत लागला. परत उठले. कोणी नाही. पत्रा गंजलाय, जमिनीला ओल आहे, तारा आपल्या आपण चिकटतात, एवढं मलाही कळतं. दिवसातून पाच-सहा वेळा होतं.

माणूस नसताना माणूस आलाय म्हणणारा दिवा. तुझ्या त्या शाळेला दे, त्यांना असलंच लागतं.

तू म्हणशील तार काढून टाक. काढणार होते. काल पेचकस घेऊन स्टुलावर चढलेसुद्धा. तेवढ्यात लागला. उतरले, दार उघडून बघितलं.

कोणी नव्हतं. पेचकस खणात ठेवून दिला.

आत्या